शेजारच्या सीटवरून

हरवलेला बॉल किती वेळ शोधायचा हे गोल्फच्या नियमपुस्तकात आहे. पूर्वी पाच मिनिटं होती, 2019 पासून तीन झाली. बंकरमधल्या, म्हणजे मैदानातल्या खड्ड्यातल्या, वाळूला क्लब (फटका मारायची काठी) केव्हा टेकवायचा नाही, तेही आहे. मात्र दोघांत एक गाडी (गोल्फ कार्ट) असेल तर स्टिअरिंगवर कोणी बसायचं, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ते खेळणाऱ्यांनी आपापसांत बघून घ्यायचं. आणि बघून घेतात म्हणजे काय, तर कुणी काही बोलत नाही आणि दोघांपैकी एक जण सरळ जाऊन बसतो.

अलिखित संकेत तसे आहेत. बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणून गाडीच्या मागे बांधलेल्या क्लबच्या बॅगांपैकी, मागून पाहताना, डावीकडची बॅग चालवणाऱ्याची. उतरून दोन पावलं मागे गेलं की आपापली बॅग आपापल्या हाताशी. त्यामुळे जो आधी येऊन डावीकडे बॅग बांधतो, त्याने स्टिअरिंगवर मुकाट्याने दावा ठोकलेला असतो. यजमान आणि पाहुणा असतील तर यजमान चालवतो, कारण पुढचा टी, म्हणजे होलाचा पहिला फटका मारायची जागा, कुठल्या झाडामागे आहे हे त्याला ठाऊक असतं. हे दोन्ही संकेत मला मान्य आहेत. तिसरा नाही: एक पुरुष आणि एक बाई असेल, तर बॅगा कुठेही बांधलेल्या असोत, पुरुष डावीकडे जातो. त्यात दुष्टपणा नसतो, पाय आपोआप तिकडे वळतात. मी आता पट्टा आवळताआवळताच विचारून टाकते, "पहिले नऊ होल मी चालवू की पुढचे नऊ?" यात 'चालवू का' हा प्रश्न शिल्लकच ठेवलेला नाही, हे चाणाक्षांच्या लक्षात आलं असेल.

तरी अर्धा वेळ शेजारी बसायला मला आवडतं. एखाद्या माणसाबरोबर पुन्हा खेळायचं की नाही, हे त्याच्या स्विंगवरून (क्लब फिरवण्याच्या ढबीवरून) मला कधीच ठरवता आलेलं नाही. तो गाडी कशी चालवतो त्यावरून मात्र चार-पाच होलांत ठरतं.

चालत खेळताना चौघं टीवरून एकत्र निघतात आणि थोड्याच अंतरावर पांगतात. ज्याचा बॉल उजव्या झाडीत गेला तो उजवीकडे, ज्याचा डाव्या उतारावर तो तिकडे. मधल्या वाटेवर प्रत्येक जण एकटा, आपल्याच फटक्याला मनातल्या मनात शिव्या घालत चाललेला. भेट होते ती एकदम ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, तोवर राग निवळलेला असतो. गाडीने ही सोय काढून घेतली. आता तुमचा बॉल वळून झाडीत शिरला की मलाही झाडीत यावं लागतं, माझा बॉल फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्याच्या) मधोमध छान बसलेला असला तरी. चार-साडेचार तास दोन माणसांचे वाईट फटके एकाच चाकांना बांधलेले. म्हणून गाडीबद्दल माझं एकच म्हणणं आहे: चालवणाऱ्याने ती शेजाऱ्याच्या बॉलसाठी चालवावी. स्वतःच्या बॉलकडे ती तशीही जातेच.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं, तर त्यात थोडी भूमिती आहे. समजा, एकाचा बॉल फेअरवेच्या डाव्या कडेला टीपासून 180 मीटरवर आहे आणि दुसऱ्याचा उजव्या रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) 200 वर. गाडी आधी डावीकडे न्यायची. शेजारी उतरतो, अंतर बघतो, दोन-तीन क्लब घेतो. तो उतरला की तिथे घुटमळायचं नाही. आडवं निघून आपल्या बॉलपाशी जायचं, त्याच्या फटक्याच्या रेषेच्या पूर्ण बाहेर थांबायचं आणि आपलं अंतर, वारा, क्लब ठरवून ठेवायचा. त्याने मारलं की लगेच आपण मारायचं. तोवर तो ग्रीनच्या दिशेने चालत निघालेला असतो, त्याला वाटेत उचलायचं. सगळं जमून आलं तर दोघांपैकी कुणालाच थांबल्यासारखं वाटत नाही. खेळायची पाळी आली की साधारण 40 सेकंदांत फटका मारावा अशी शिफारस 2019 च्या नियमांत आली. त्या 40 सेकंदांत बसायचं असेल तर तयारी शेजाऱ्याच्या फटक्याच्या वेळातच व्हायला हवी, आणि ती गाडी कुठे उभी आहे यावर ठरते.

पण दोघांचे बॉल एकाच रेषेत असतील, एक 180 वर आणि दुसरा 220 वर, तर सोडून पुढे जाण्याची हुशारी करायची नाही. मागच्याच्या फटक्यापुढे जाऊन उभं राहणं म्हणजे स्वतःहून निशाणा होणं, आणि मारणाऱ्याचं अर्धं लक्ष तुमच्या डोक्याकडे. अशा वेळी थांबायचं, मारू द्यायचं, मग दोघांनी पुढे जायचं. आडवा फरक असेल तर सोडून जा, पुढे-मागे असेल तर थांबा. इतकं साधं आहे, तरी लोक नेमकं उलटं करतात: बॉल दोन टोकांना असताना गाडीत बसून एकमेकांचे फटके बघतात आणि एका रेषेत असताना घाईने पुढे जातात.

शेजाऱ्याचंही काम आहे, ते फारसं कुणी बोलत नाही. रफमध्ये उतरताना एकच क्लब घेऊन जाणारा माणूस मला कळत नाही. बॉल कसा पडलाय, गवत किती आहे, समोर फांदी आहे का, हे गाडीतून दिसत नसतं. मग गाडी पलीकडे पोहोचल्यावर हाक येते, "अहो, जरा माझं वेज आणता का?" तीन क्लब नेले असते तर काय ओझं झालं असतं? शिवाय फटका मारून आल्यावर गाडीमागे उभं राहून क्लब पुसायचा, त्यावर टोपी चढवायची, हातमोजा काढून घडी घालायची, हे सगळं चालवणारा स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत असतो. क्लब हातात घेऊनच बसावं. पुढच्या थांब्यावर बॅगेत टाकता येतो.

आणि तो ब्रेक. या गाड्यांच्या ब्रेकच्या पेडलला वरच्या बाजूला एक छोटा भाग असतो, तो पायाने पुढे दाबला की गाडी जागेवर अडकते. सुटताना हाताने काही करावं लागत नाही. ॲक्सिलरेटरवर पाय पडला की पेडल खटाककन वर येतं. विजेवरची गाडी एरवी इतकी मुकी असते की तो एक खटाक आवाज पार पलीकडच्या फेअरवेपर्यंत जातो. शेजारी बॉलवर उभा आहे, क्लब मागे गेलाय, वरच्या टोकाला पोहोचलाय, आणि तेवढ्यात खटाक! चालवणाऱ्याला वाटतं आपण काहीच केलं नाही, नुसता पाय ठेवला. ज्याला कळतं तो बॉलपासून थोडा लांब, किंचित मागे आणि बाजूला थांबतो. आपली सावली बॉलवर पडत नाही ना हे बघतो, आणि बॉल हवेत गेल्याशिवाय पाय हलवत नाही. रिव्हर्सचं पीं-पीं तर त्याहून वाईट. मागे घ्यायची वेळच येऊ नये अशी गाडी लावायची, एवढाच त्यावर इलाज.

स्टिअरिंगवर कोण बसावं हे नियमपुस्तक सांगत नाही खरं, पण बसलेल्याचे परिणाम त्याने कधीकाळी फार गंभीरपणे घेतले होते. 2019 च्या आधी तुमचा बॉल चुकून तुमच्याच साहित्याला लागला तर एका फटक्याचा दंड होता. मग दोघांच्या सामाईक गाडीला लागला तर? गाडी उभी असेल तर ज्याचा बॉल त्याचं ते साहित्य, म्हणजे दंड तुम्हाला. दोघांपैकी एक जण ती चालवत असेल तर ती चालवणाऱ्याचं साहित्य. म्हणजे तुमचा बॉल झाडावर आपटून परत आला आणि शेजारी चालवत असलेल्या गाडीला लागला, तर तुम्ही दंडातून सुटलात! याच्यावर ग्रीनपासून पार्किंगपर्यंत वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत. आता चुकून लागला तर दंडच नाही, त्यामुळे एक चांगला वादाचा विषय गेला. चाकाखाली बॉल येण्याचा नियम मात्र आहे. शोधत नसताना स्वतःच्या बॉलवरून गाडी नेली तर एका फटक्याचा दंड, बॉल जागेवर ठेवायचा. शोधताना गेली तर दंड नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) शेजाऱ्याच्या बॉलवरून नेली तरी कुणालाच दंड नाही, बॉल तेवढा जागेवर. मॅच प्लेमध्ये (होलागणिक हार-जीत ठरवायच्या खेळात) शेजारीच प्रतिस्पर्धी असेल, तर चालवणाऱ्याला एक फटका. थोडक्यात, रफच्या कडेला बॉल पडल्याचा अंदाज असेल तर गाडी लांब उभी करून पायी शोधावा.

'गाडीत बसून खेळायचं म्हणजे तो काय गोल्फ?' असं म्हणणारे प्रत्येक मैदानावर भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, मला केसी मार्टिनचा खटला आठवतो. उजव्या पायात जन्मजात रक्ताभिसरणाचा आजार असलेला हा खेळाडू. पीजीए टूरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या, स्पर्धेत गाडी वापरू द्या, एवढीच त्याची मागणी. आर्नल्ड पामर, जॅक निक्लॉस, केन व्हेंचुरी यांच्यासारख्या दिग्गजांच्या साक्षी टूरच्या बाजूने झाल्या: चालण्याचा थकवा हा खेळाचाच भाग आहे, असं त्यांचं म्हणणं. 2001 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी मार्टिनच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालात एक हिशेब आहे. एका शरीरशास्त्रज्ञाच्या साक्षीप्रमाणे पाच मैलांचं ते चालणं, तेही पाच तासांत आणि मध्येमध्ये थांबत, सुमारे 500 कॅलरी खर्च करतं, म्हणजे फार काही नाही. पण मला त्याहून लक्षात राहिली ती दुसरी गोष्ट: गाडी असूनही मार्टिनला 18 होलांत एक मैलाहून जास्त चालावं लागत होतं.

तो मैल कुठून आला? गाडी जिथे थांबते तिथून बॉलपर्यंत, बंकरमध्ये उतरून परत, ग्रीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि तिथून गाडीकडे. तुम्ही-आम्ही धडधाकट माणसं खेळतो, तेव्हा त्या मैलाची लांबी स्टिअरिंगवरचा माणूस ठरवतो. गुडघा दुखणाऱ्या शेजाऱ्याला बॉलपासून तीस पावलांवर उतरवलं आणि स्वतःच्या बॉलपाशी गाडी अगदी चिकटवली, की सगळं कळून येतं.

ग्रीनपाशी तर हे फारच दिसतं. ग्रीनसमोर गाडी लावणारा माणूस पटिंग झाल्यावर मागे चालत येतो, मग बसतो, मग स्कोअर लिहितो, आणि मागचा ग्रूप कंबरेवर हात ठेवून बघत उभा. गाडी पुढच्या टीच्या बाजूला, गाड्या अडवणाऱ्या दोऱ्या आणि पाट्यांच्या बाहेर नेऊन लावायची, म्हणजे होल संपला की पाय आपोआप पुढेच पडतात. स्कोअर पुढच्या टीवर लिहावा. शेजाऱ्याने निघताना ग्रीनच्या कडेला नजर टाकावी, कारण गवतावर ठेवलेलं वेज विसरण्यासाठीच तिथे ठेवलेलं असतं.

पावसानंतर 'गाड्या फक्त रस्त्यावर' अशी पाटी लागते, तेव्हा माणसांचे खरे स्वभाव बाहेर येतात. ओल्या जमिनीवर चाकं गेली की माती दबते, मुळांना हवा मिळत नाही, आणि वळताना गवत सोलून निघतं. कारण पटण्यासारखंच आहे. पण त्या दिवशी बॉल नेहमी रस्त्याच्या विरुद्ध कडेलाच का जातो, देव जाणे. चार क्लब काखेत मारून फेअरवे ओलांडायचा, मारायचं, परत यायचं. अशा दिवशी चांगला पार्टनर दोन गोष्टी करतो. तुम्ही पलीकडे गेलात की गाडी तुमच्या रेषेत आणून ठेवतो, आणि तुम्ही फटका मारून तसेच पुढे चालत निघालात तर काही न सांगता पुढच्या वळणावर येऊन थांबतो. वाईट पार्टनर आपल्या बॉलच्या समोर गाडी लावून मोबाइल बघतो. रस्ता सोडायला परवानगी असली तरी पुष्कळदा अट असते: बॉलच्या समोर येईपर्यंत रस्त्यानेच यायचं, तिथून काटकोनात आत शिरायचं, तसंच परत यायचं. हल्ली काही गाड्यांना जीपीएसचं कुंपण असतं. ग्रीनच्या फार जवळ गेलात तर मोटर बंद पडते आणि गाडी फक्त मागे येते. ज्यांना पाटी वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय मला फार आवडते.

वेगाबद्दल थोडं. ताशी वीस-बावीस किलोमीटर म्हणजे काहीच नाही, असं चालवणाऱ्याला वाटतं. त्याच्या हातात धरायला स्टिअरिंग आहे, म्हणून वाटतं. शेजारी बसणाऱ्याला सीटबेल्ट नसतो, दार नसतं, सीटच्या कडेला एक वाकवलेली दांडी तेवढी असते. गाडी डावीकडे झटकन वळली की उजवीकडे बसलेला माणूस बाहेरच्या बाजूला सरकतो, आणि तो सरकतोय हे चालवणाऱ्याला वळून झाल्यावरच कळतं. बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ओल्या उतारावर वळता-वळता दाबले तर मागचा भाग घसरत पुढे यायला बघतो. उतार सरळ उतरायचा, वळण्याआधीच वेग कमी करायचा, आणि तोंडाने नुसतं "डावीकडे" म्हणायचं. एवढा एक शब्द उच्चारणारा माणूस मला अठराच्या अठरा होल बिनतक्रार चालतो, मग तो कितीही बॉल पाण्यात घालो.

नवरा-बायकोने एका गाडीत बसावं का? माझं मत, नाही. घरात पुरेसं एकत्र असतो. गाडीत नवरा स्विंगबद्दल काहीतरी सुचवतो, बायको ब्रेकबद्दल, आणि पुढचे दोन होल आपापल्या मौनात जातात. चौघांत खेळत असाल तर जोडीदार बदलून बसा. एकमेकांचे चांगले फटके लांबून जास्त चांगले दिसतात. ज्यांची घरं याला अपवाद आहेत त्यांनी खुशाल एकत्र बसावं, मी तक्रार करणार नाही.

नऊ होलांनंतर सीटा बदलायच्या असतील तर बॅगाही बदला, हे कटकटीचं वाटलं तरी. पट्टे सोडून पुन्हा आवळायला वेळ लागतो, म्हणून लोक नुसत्याच सीटा बदलतात. मग हात सवयीने पूर्वीच्या बाजूला जातो आणि शेजाऱ्याचा सात नंबरचा क्लब बाहेर येतो. एकाच कंपनीचे क्लब असतील तर मारून झाल्यावरच कळतं. दुसरा खेळाडू वापरत असलेल्या क्लबने फटका मारला तर स्ट्रोक प्लेमध्ये त्या होलावर दोन फटक्यांचा दंड, फेरीत जास्तीत जास्त चार. स्टिअरिंगचा हट्ट धरताना एवढं ध्यानात असू द्यावं. गाण्यांचं म्हणाल तर, मागे हळू वाजत असेल तर नियमांची हरकत नाही, फक्त स्विंगचा ठेका धरायला किंवा आजूबाजूचा गलका ऐकू येऊ नये म्हणून लावायचं नाही. माझी हरकत आहे, पण ती वेगळी गोष्ट. शेजाऱ्याला एकदा विचारावं.

राहता राहिला तो, जो गाडीत बसतच नाही. तीन जण गाड्यांत आणि चौथा ट्रॉली ढकलत चालतोय, असं पुष्कळदा होतं. गाडीवाल्यांना वाटतं तो आपला वेळ खाणार. प्रत्यक्षात तो सरळ आपल्या बॉलकडे जातो, आणि आपण रस्ता, काटकोन, दोऱ्या करत पोहोचतो तेव्हा तो हातमोजा घालून उभा असतो. त्याच्या मागे-मागे गाडी चालवू नये, चाकांचा आवाज पाठीवर घेऊन चालणं फार त्रासाचं. त्याच्याशी बोलायचं म्हणून शेजारून बैलगाडीच्या चालीने तर मुळीच चालवू नये. त्याचा बॉल हरवला असेल तर तिघांनी उतरून शोधावा, गाडीत बसून "तिकडे बघा, तिकडे" असं बोट दाखवू नये. ग्रीनवरून पुढच्या टीकडे लांब चढ असेल तर "बसताय का?" असं एकदा विचारावं. चालतच खेळायचं असा नियम असलेली स्पर्धा असेल तर तेही विचारू नये, त्याला बसताच येत नाही. एरवी तो नाही म्हणाला तर पुन्हा प्रत्येक चढावर आग्रह नको. हवं तर त्याची छत्री गाडीत ठेवून घ्यावी, आणि ती मागच्या टोपलीत आहे हे त्याला सांगून ठेवावं.